आधी नळी की आधी बुबुळ? आणि त्या 'सक्सेस रेट'चं काय

प्रश्न असा आहे. डोंबिवलीच्या एकाने विचारलंय की आईचं वय 63, डाव्या डोळ्यातून चार वर्षं पाणी गळतंय, नाकाजवळचा कोपरा दाबला की पू येतो, दोन वर्षांपूर्वी त्याच डोळ्यात अल्सर (बुबुळावर जखम) झाला, तो बरा झाला पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं. उजवा डोळा चांगला आहे. एक डॉक्टर म्हणतात आधी डीसीआर, म्हणजे बंद नळी सोडून पाण्याला नाकात नवीन वाट करून द्यायचं ऑपरेशन, दुसरीकडे बुबुळ बदलायची तारीखच द्यायला तयार आहेत. तर दोन्हीचा सक्सेस रेट किती, दोन्ही एकदम होईल का, आणि डीसीआर बाहेरून करायची की नाकातून.

मी कॉर्नियावाली, म्हणजे बुबुळाची डॉक्टर, मुंबईत 24 वर्षं झाली. सुरुवातीला छोट्या हॉस्पिटलात डीसीआर पण भरपूर केल्या, हल्ली त्या ऑक्युलोप्लास्टीवाल्या (पापण्या आणि नळीचं बघणाऱ्या) सहकाऱ्याकडे पाठवते कारण त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. म्हणजे दोन्ही बाजू बघितल्यात एवढंच सांगायचं होतं.

पहिलं उत्तर सरळ देऊन टाकते. आधी डीसीआर. दोन्ही एकदम नाही. आणि बुबुळ बदलायचं की नाही हा प्रश्न डीसीआर झाल्यावर परत पहिल्यापासून विचारायचा, आत्ता त्याची तारीख घेऊच नका.

का ते सांगते. डोळ्यातलं पाणी पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याला दोन बारीक छिद्रं असतात तिथून आत जातं, मग अश्रुपिशवीत, आणि तिथून हाडातल्या नळीने नाकात उतरतं. ड्रॉप टाकल्यावर घशात कडू लागतं ना, ते याच रस्त्याने. ही नळी खाली बंद झाली की पिशवी म्हणजे पावसाळ्यातला मुंबईचा हिंदमाता चौक, पाणी येत राहतं आणि जायला जागा नाही. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, न्यूमोकॉकस, स्टॅफ वगैरे, आणि दर वेळी डोळा मिटला की ते थोडंथोडं परत डोळ्यात येतं. बुबुळाचा वरचा थर धड असेल तोवर ते सहन करतं. पण एक ओरखडा पुरे होतो, धुळीचा कण, पदराचं टोक, नातवाचं नख. माझा अंदाज की तुमच्या आईंचा दोन वर्षांपूर्वीचा अल्सर असाच झाला असणार. पिशवीतल्या पुवामुळे होणारा अल्सर जुन्या पुस्तकांतसुद्धा आहे, आम्हाला पहिल्या वर्षालाच शिकवतात, तरी ओपीडीच्या गर्दीत कोपरा दाबून बघायचं राहून जातं.

राहून गेलं की काय होतं ते मी बघितलंय. मी रेसिडेंट होते तेव्हाची गोष्ट, हॉस्पिटलचं नाव नको. रायगडकडचे एक आजोबा, फूल होतं, आय बँकेतून बुबुळ आलं, संध्याकाळी घाईघाईत केस घेतली कारण आलेलं बुबुळ थांबत नाही. ऑपरेशन सुंदर झालं, सर खूश, आम्ही खूश. नवव्या दिवशी टाक्यांपाशी पिवळट दिसायला लागलं आणि तीन दिवसांत ग्राफ्ट (बसवलेलं बुबुळ) कडेने वितळला. तेव्हा कुणीतरी कोपऱ्यावर बोट दाबलं आणि वरच्या छिद्रातून पू आला. आम्ही चौघं होतो तिथे, कुणी काही बोललं नाही. आजोबांना वाटत होतं दान केलेल्या डोळ्यातच काही दोष असेल. त्यांना खरं कुणी सांगितलं का हे मला माहीत नाही, मी सांगितलं नाही, ज्युनिअर होते. तेव्हापासून माझ्याकडे केस पेपरवर 'कोपरा दाबला' ही ओळ भरल्याशिवाय कुणाचंच ऑपरेशन लागत नाही, मोतीबिंदूचं सुद्धा.

ग्राफ्टला साधारण 16 टाके असतात, केसापेक्षाही बारीक नायलॉनचे. म्हणजे जंतूंना शिरायला 16 जागा, वरून आम्ही रिजेक्शन होऊ नये, म्हणजे शरीराने ते परकं बुबुळ नाकारू नये म्हणून स्टिरॉइडचे ड्रॉप देतो, म्हणजे डोळ्याची प्रतिकारशक्ती आम्हीच दाबून ठेवलेली. त्यात शेजारी पुवाची पिशवी ठेवायची? त्यामुळे जे तारीख द्यायला तयार आहेत त्यांना एकदा विचारा की सिरिंजिंग (छिद्रातून पाणी सोडून नळी तपासणं) केलं का, रिपोर्टवर काय लिहिलंय. कदाचित त्यांनी बघितलंच नसेल, कदाचित तुम्हीच पुवाचं सांगितलं नसेल. लोक कॉर्नियावाल्याकडे फुलाचंच बोलतात आणि नळीवाल्याकडे पाण्याचंच, हे मी रोज बघते.

आता सक्सेस रेट. डीसीआरला सगळीकडे साधारण 90 ते 95 टक्के सांगतात आणि ते खोटं नाही, बाहेरून केलेली असो की एंडोस्कोपने नाकातून, सवयीच्या हातात दोन्हीचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. पण हा आकडा कशाचा ते बघा. ऑपरेशननंतर कोपऱ्यातून पाणी सोडून बघितलं आणि ते घशात उतरलं की आम्ही 'पास' लिहितो. पेशंट मात्र रुमाल वापरावा लागतो की नाही यावरून ठरवतो. या दोन्हींमध्ये बरंच अंतर असतं. रस्ता मोकळा असूनही पाणी येणारे पेशंट माझ्याकडे नियमित येतात, कारण त्यांची खालची पापणी सैल झालेली असते आणि छिद्र बाहेर वळलेलं असतं, किंवा डोळा कोरडा असतो. हो, कोरड्या डोळ्यालाच जास्त पाणी येतं, चुरचुरलं की मेंदू नळ सोडतो. एसीत बसून दिवसभर स्क्रीन बघणाऱ्या बीकेसीतल्या मुलीला पाणी येतं म्हणून कुणी डीसीआर केली तर ऑपरेशन शंभर टक्के पास आणि मुलगी तितकीच वैतागलेली. माझ्या मते डीसीआरच्या नापास केसेसमधला मोठा भाग हा चुकीच्या माणसावर केलेल्या बरोबर ऑपरेशनचा असतो.

तुमच्या आईंचं तसं नाही, दाबल्यावर पू येतोय म्हणजे नळी खालीच बंद आहे, आणि डीसीआरचा सगळ्यात चांगला रिझल्ट याच केसमध्ये येतो. रिपोर्टवर बघा, खालच्या छिद्रातून पाणी सोडल्यावर वरच्या छिद्रातून पुवासकट परत आलं असं लिहिलं असेल तर अडथळा पिशवीच्या पुढे आहे, छान. त्याच छिद्रातून स्वच्छ पाणी परत येत असेल तर अडथळा अलीकडे, बारीक नळ्यांत आहे, मग नेहमीच्या डीसीआरने भागत नाही आणि टक्केवारी पण खाली येते.

एक गोष्ट वेगळी. पाण्यात रक्ताची लाली येत असेल, किंवा कोपऱ्यातली गाठ दाबून कमी होत नसेल आणि वरच्या बाजूला वाढत असेल तर डीसीआरच्या आधी स्कॅन. क्वचित असतं पण पिशवीत ट्यूमर असू शकतो आणि त्यावर डीसीआर करून चालत नाही.

ऑपरेशन म्हणजे काय तर पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड काढून नवीन वाट करायची, जुन्या नळीच्या नादाला लागायचंच नाही. फ्लॉरेन्सच्या टोटी नावाच्या डॉक्टरने 1904 मध्ये ही कल्पना मांडली आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1905 मध्ये, एडुआर्ड झिर्मने ओलोमौत्सला पहिला यशस्वी बुबुळाचा ग्राफ्ट केला, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर, दोन्ही डोळ्यांत केला आणि एकाच डोळ्यातला टिकला. चुना अजून तसाच आहे बरं का, तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान पोरांच्या डोळ्यात उडते, तसल्या केसेस आपल्याकडे आजही येतात. घरात असेल तर पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका आणि उडालाच तर आधी नळाखाली डोळा धरून अर्धा तास पाणी, रिक्षा नंतर शोधा.

हं, तर डीसीआर. बाहेरून केली तर नाकाच्या बाजूला, चष्म्याचं पॅड टेकतं त्याच्या आसपास सेंटिमीटरभर व्रण राहतो, साठीच्या त्वचेवर तो सहा महिन्यांत शोधावा लागतो. नाकातून केली तर व्रण नाही, नाकाचा पडदा वाकडा असेल तर त्याच वेळी सरळ करता येतो, पण बहुतेकदा पूर्ण भूल लागते आणि एंडोस्कोपवर हात बसलेला सर्जन लागतो. कुठली चांगली असं नाही, तुमचा सर्जन आठवड्यातून कुठली करतो ते विचारा आणि तीच करून घ्या. 'लेसरने करतो, दहा मिनिटांत' अशी जाहिरात दिसली तर थोडं सावध, लेसरने पडणारं भोक छोटं असतं आणि लहान भोक लवकर बुजतं. मोठं केलेलं भोक पण आकसतंच, हाडात सेंटिमीटरभर खिडकी केली तरी आतून भरून येता येता दोनेक मिलिमीटरचीच वाट राहते, पण तेवढी पाण्याला पुरते. बुजायची कारणं म्हणजे आत मांस वाढणं, पडदा चिकटणं, हाड पुरेसं न काढणं. ज्यांची एकदा बुजली आहे त्यांना मायटोमायसिन (मांस वाढू न देणारं औषध) लावतात किंवा सिलिकॉनची नळी काही आठवडे ठेवतात. पहिल्याच ऑपरेशनला नळी प्रत्येकाला ठेवायची की नाही यावर आमच्यातच दोन तट आहेत, मी सरसकट ठेवण्याच्या बाजूची नाही. ठेवली आणि कोपऱ्यात पारदर्शक दोरा दिसला तर घाबरू नका, ओढू तर अजिबात नका.

घरी काय होतं ते कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. पहिले दोन-तीन दिवस नाकातून लालसर येतं ते ठीक. पण पाचव्या सहाव्या दिवशी, सगळं बरं वाटायला लागल्यावर, अचानक धार लागू शकते, बहुतेकदा जोरात नाक शिंकरल्यामुळे. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. गरम चहा आणि झणझणीत रस्सा पहिले काही दिवस बंद, कोमट चालतं. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर फिजिशियनला विचारून आधी ठरवा, स्वतःच्या मनाने बंद करू नका, हार्टमध्ये स्टेंट असलेल्या एका काकांनी तसं केलं होतं आणि मग डोळा राहिला बाजूला. बीपी कंट्रोलमध्ये हवं, त्याच्यावर रक्तस्राव अवलंबून असतो. आणि नंतर कधीतरी नाक शिंकरल्यावर डोळ्यात हवा आल्यासारखं वाटेल, ते बिघडल्याचं लक्षण नाही, रस्ता उघडा आहे म्हणून हवा येते.

अजून एक पर्याय असतो तो म्हणजे पिशवीच काढून टाकायची, डीसीटी. फार वय असेल, भूल झेपणार नसेल, किंवा डोळा खूप कोरडा असेल तर. पू कायमचा बंद, पाणी थोडं येत राहतं. कोरड्या डोळ्यावर पुढे ग्राफ्ट करायचा असेल तर मी कधी कधी हेच सुचवते, आहे तेवढं पाणी तरी डोळ्यात राहील. 63 हे काही फार वय नाही, आईंना डीसीआर झेपेल असं धरून चालते.

डीसीआरनंतर निदान चार ते सहा आठवडे थांबायचं, परत कोपरा दाबून आणि पाणी सोडून बघायचं, आणि पू अजिबात येत नसेल, पाणी घशात उतरत असेल तरच बुबुळाचा विषय.

आता तो विषय. बुबुळ बदलण्याचा सक्सेस रेट किती असं विचारणं म्हणजे लोकलचा प्रवास किती वेळाचा असं विचारण्यासारखं आहे, कुठून कुठे ते सांगा मग बोलू. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटने 1997 मध्ये आपल्याकडच्या हजाराहून जास्त ग्राफ्टचा हिशोब छापला होता. सगळे मिळून पाच वर्षांनी स्वच्छ राहिलेले ग्राफ्ट 46 टक्क्यांच्या आसपास. वाचून धक्का बसतो ना. पण त्यातच केराटोकोनसचे, म्हणजे बुबुळ शंकूसारखं पुढे येतं ते तरुण पेशंट, त्यांचे 95 टक्के टिकले होते, आणि आधीचा ग्राफ्ट फेल गेल्यावर परत केलेल्यांचे जेमतेम 21. तीच संस्था, तेच सर्जन, तोच धागा. बाकी सगळं डोळा कुठल्या आजाराने बिघडला त्यावर. हे आकडे जुने आहेत, नंतर टेक्निक सुधारली, पण हा चढउतार आजही तसाच आहे. म्हणून कुणी नुसतं 'नव्वद टक्के' म्हटलं की विचारायचं, कुठल्या आजाराचे?

टेक्निक सुधारली म्हणजे काय तर पूर्वी सरसकट बुबुळाची पूर्ण जाडीची चकती बदलायचो, आता जो थर खराब तोच बदलतो. मोतीबिंदूनंतर बुबुळ सुजलं असेल तर आतला पातळ थर फक्त, डीसेक किंवा डीमेक, टाके जवळपास नाहीतच, हवेच्या बुडबुड्याने चिकटवायचा आणि पेशंटला छताकडे बघत उताणं झोपवायचं. अमेरिकेतल्या एका सेंटरने 2012 मध्ये दाखवलं की दोन वर्षांत रिजेक्शनची शक्यता डीमेकमध्ये 1 टक्का, डीसेकमध्ये 12 आणि पूर्ण जाडीच्या ग्राफ्टमध्ये 18. आणि फूल वरच्या थरांतच असेल, आतला थर चांगला असेल तर डाल्क, ज्यात पेशंटचा स्वतःचा आतला थर तसाच ठेवतात, त्यामुळे त्या थराचं रिजेक्शन व्हायचा प्रश्नच येत नाही. फूल किती खोल आहे ते ओसीटीवर (डोळ्याच्या थरांच्या स्कॅनवर) मोजता येतं, ते मोजल्याशिवाय कुठलं ऑपरेशन हे कुणी सांगू नये.

तुमच्या आईंचं फूल अल्सरचं, म्हणजे बहुतेक खोल असणार आणि त्यात रक्तवाहिन्या शिरलेल्या असू शकतात. हा मुद्दा महत्त्वाचा. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात म्हणून तर दुसऱ्याचं बुबुळ शरीर खपवून घेतं, ब्लड ग्रुपसुद्धा बघावा लागत नाही. पण अल्सरनंतर चारपैकी दोन किंवा जास्त बाजूंनी खोल वाहिन्या आत आल्या असतील तर आम्ही ती हाय रिस्क केस धरतो, शरीराचं सैन्य थेट दारात पोचलेलं असतं. स्लिट लॅम्पवर (हनुवटी टेकवून डोळा बघायच्या मशीनवर) डॉक्टरांनी वाहिन्या किती बाजूंना आहेत हे लिहिलंय का बघा. आणि तो अल्सर हर्पीसचा (या विषाणूचा) तर नव्हता ना हेही विचारा, असेल तर ग्राफ्टनंतर असायक्लोविरच्या गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतात नाहीतर नवीन बुबुळात तोच आजार परत येतो.

आणि इथेही पास-नापासाचा घोळ आहेच. आमच्या कागदावर 'ग्राफ्ट क्लिअर' म्हणजे पास. पेशंट घरी जाऊन एक डोळा झाकून कॅलेंडर बघतो आणि म्हणतो काहीच दिसत नाही. कारण टाक्यांच्या ओढीने बुबुळ वाकडं होतं, तीन, चार, पाच नंबरचा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, येणं अगदी नेहमीचं. टाके सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने काढतो, मग चष्मा, चष्म्याने जमलं नाही तर कडक कॉन्टॅक्ट लेन्स. 63 वर्षांच्या बाईंना रोज सकाळी लेन्स घालायला जमेल का, घरी कोण घालून देणार, हे ऑपरेशनच्या आधी बोलायचं असतं. आमच्याकडे परळला ट्रेनने येणाऱ्या एक मावशी होत्या, ग्राफ्ट काचेसारखा स्वच्छ, बिनलेन्सची नजर 6/60, म्हणजे फारच कमी, आणि लेन्स घातली की 6/9, जवळजवळ नॉर्मल. लेन्स डबीतच राहिली. माझ्या रजिस्टरमध्ये त्या पास आहेत.

ज्यांचं फूल लहानपणापासूनचं आहे, देवी किंवा गोवर येऊन गेल्यावरचं, त्यांचं तर अजून वेगळं, तो डोळा बघायला शिकलेलाच नसतो आणि चाळिशीत बुबुळ बदललं तरी मेंदू त्याचं ऐकत नाही. तुमच्या आईंचं दोन वर्षांपूर्वीचं आहे, त्यामुळे ती भीती नाही.

रिजेक्शनबद्दल लोक घाबरतात पण रिजेक्शन आणि फेल यात फरक आहे. रिजेक्शन लवकर पकडलं तर दर तासाला स्टिरॉइडचे ड्रॉप देऊन बऱ्याचदा परत फिरवता येतं. डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, दुखणं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी यायचं. गणपती आहेत, गावी गेलोय, सोमवारी बघू असं केलं की सोमवारपर्यंत तो ग्राफ्ट निळसर सुजलेला असतो. हे पहिल्या वर्षापुरतं नाही, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी सुद्धा होऊ शकतं. टाका सैल होऊन टोचायला लागला तरी तसंच, लगेच. आणि ड्रॉप मनाने बंद करायचे नाहीत तसे मनाने चालूही ठेवायचे नाहीत, स्टिरॉइडने काचबिंदू होतो, ग्राफ्ट स्वच्छ आणि डोळ्याची नस सुकलेली असे पेशंट बघितले की फार वाईट वाटतं. पूर्ण जाडीच्या ग्राफ्टची जखम कधीच मूळच्या इतकी घट्ट होत नाही, विरार लोकलमध्ये कुणाचा कोपर लागून दोन वर्षांचा जुना ग्राफ्ट उघडलेला मी शिवलाय. आई डोंबिवलीहून गर्दीच्या वेळी प्रवास करत असतील तर हेही धरा.

आणि पावसाळ्यात डोळा लाल झाला म्हणून मेडिकलवाल्याने दिलेला ड्रॉप टाकायचा नाही, हे ग्राफ्ट असो नसो सगळ्यांनाच. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, बुरशीचा अल्सर असेल तर ते खत घातल्यासारखं होतं. उसाचं पान लागून आलेले सांगली-कोल्हापूरचे पेशंट, असे ड्रॉप पंधरा दिवस टाकून मुंबईला पोचतात तेव्हा बुबुळ वाचवण्याऐवजी डोळा वाचवायची वेळ आलेली असते.

मग करायचं काय. माझं मत स्पष्ट सांगते, दुसरा डॉक्टर वेगळं म्हणू शकतो. आईंचा उजवा डोळा चांगला आहे. डीसीआर नक्की करा, लवकर करा, कारण ती पिशवी उद्या डाव्या डोळ्यात परत अल्सर करू शकते, आणि दोन वर्षांनी उजव्याचा मोतीबिंदू काढायची वेळ आली की डाव्या बाजूचा पू तिथेही आडवा येतो. या ऑपरेशनचा फायदा जवळजवळ नक्की आहे आणि किंमत म्हणजे दोन आठवड्यांची गैरसोय. बुबुळाचं गणित वेगळं, फायदा कदाचित, आणि किंमत म्हणजे वर्षानुवर्षं ड्रॉप, फेऱ्या, धाकधूक. एक डोळा चांगला असताना हाय रिस्क ग्राफ्ट करायला मी सहसा नाही म्हणते. फूल मधोमध नसेल तर आधी कडक लेन्स लावून किती दिसतं ते बघते, कधी कधी तेवढ्यानेच इतकं सुधारतं की ऑपरेशनचं नाव निघत नाही. नुसतं पांढरं दिसतं, लग्नकार्यात लोक विचारतात म्हणून नको वाटतं असं आईंचं म्हणणं असेल तर रंगीत कॉस्मेटिक लेन्स आहे, टॅटू पण करतात, त्यासाठी ग्राफ्ट नको. उजव्या डोळ्याला पुढे काही झालं तर मात्र गणित उलटतं, आणि तेव्हा डावा डोळा पुवाविना, शांत, तयार असलेला हवा.

सगळं बघूनही ग्राफ्ट ठरलाच तर बुबुळ विकत मिळत नाही, कायद्याने ते दानच आहे, आय बँक फक्त प्रक्रियेचा खर्च घेते. त्या बुबुळाच्या आतल्या थरात पेशी किती आहेत ते विचारा, नजरेसाठी करायच्या ग्राफ्टला चौरस मिलिमीटरला निदान 2000 तरी असाव्यात असं आम्ही बघतो. आणि घरात कुणी गेलं तर सहा तासांच्या आत आय बँकेला फोन, पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. चष्मा होता, मधुमेह होता, मोतीबिंदू झाला होता, काही अडत नाही. बहुतेक घरांत सहा तास हे जवळचे नातेवाईक पोचायची वाट बघण्यातच जातात.

आईंच्या तपासणीबद्दल एक शेवटचं. पेशंटला, बायकांना जास्त, सवय असते की दवाखान्यात जायच्या आधी तोंड धुताना कोपरा दाबून सगळा पू काढायचा आणि डोळा स्वच्छ पुसून, पावडर लावून यायचं. मग आम्ही दाबतो तेव्हा काहीच येत नाही आणि पेपरवर 'नॉर्मल' लागतं. पुढच्या वेळी दाखवायला न्याल त्या दिवशी सकाळपासून आईंना म्हणावं कोपऱ्याला हात लावायचा नाही, चिपडं असतील तरी राहू देत.